हातोडा कधी पडतो ते बघ

अगं, तुझा मेल वाचला. दर वर्षी कॉप, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद, भरते, जगभरातून हजारो लोक विमानं करून जातात, भाषणं ठोकतात आणि हाती काही लागत नाही, मग यात करिअर कशाला करू, असं विचारतेस. वैताग बरोबर आहे गं, पण सगळं खापर नेत्यांवर फोडतेयस. आधी कामकाजाचे नियम वाच.

१९९२ ला हवामान बदलावरचा मूळ करार झाला, १९९५ ला बर्लिनमध्ये पहिली कॉप भरली, पण मतदान कसं घ्यायचं हा नियम काही पास झाला नाही, सौदीसारख्या तेलवाल्या देशांना बहुमताचा कारभार नकोच होता, आणि तो नियम आजतागायत लटकलेलाच आहे. म्हणून सगळं सहमतीने. आणि सहमती झाली की नाही हे ठरवणार कोण, तर त्या कॉपचे अध्यक्ष!

आता गंमत बघ. २००९ ला कोपनहेगनमध्ये बोलिव्हिया, व्हेनेझुएला वगैरे मोजके देश अडून बसले आणि मसुद्याची नुसती ‘नोंद घेतली’ गेली. पुढच्याच वर्षी कानकूनला बोलिव्हिया एकटाच विरोध करत राहिला, तर अध्यक्ष असलेल्या मेक्सिकोच्या पॅट्रिशिया एस्पिनोसा म्हणाल्या की सहमती म्हणजे एका देशाला व्हेटो नव्हे, आणि ठराव मंजूर झाल्याचा हातोडा आपटून मोकळ्या झाल्या. २०२४ ला बाकूत विकसनशील देश हवामान बदलाशी लढायला वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागत होते, ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. ठराव मंजूर झाला आणि मग भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलल्या, की आम्हाला निर्णयाआधी बोलायचं होतं, तसं कळवलंही होतं. सभागृहात टाळ्या पडल्या, ठराव जागचा हलला नाही.

मग मतदानच आणा, असं म्हणशील. मला नाही पटत. हरलेला देश सरळ उठून जाईल, अमेरिकेने २०१५ च्या पॅरिस हवामान करारातून दोनदा अंग काढून घेतलंच की.

तर करिअरचं नंतर बघू. यंदा उद्घाटनाची भाषणं बघू नकोस, टाइमपास असतो तो. शेवटच्या रात्रीचं प्लेनरी, म्हणजे सगळ्या देशांची एकत्र बैठक, लाइव्ह बघ, वाटाघाटींचा रोजचा वृत्तांत देणारं ‘अर्थ (Earth) निगोशिएशन्स बुलेटिन’ वाच, आणि कोणी कधी बोलायला मागितलं नि हातोडा कधी पडला, एवढंच लिहून मला पाठव.