नववी-दहावीच्या मुलांचं इंग्रजी लेखन, आकलन आणि व्याकरण नेमकं कसं तपासावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठी माध्यमात नववीत आहे, व्याकरणाच्या चाचणीत 20 पैकी 19 मिळाले, आणि मामाच्या लग्नाला काय मजा आली ते चार ओळींत इंग्रजीत लिही म्हटल्यावर रडायला लागली. मुलीत काही खोट नाही. खोट चाचणीत आहे. सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यातली निम्मी वर्षं याच एका मुद्द्यावर स्टाफरूममध्ये भांडण्यात गेली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ हा प्रश्न कुणाला ठाऊक नाही? व्हॉईस बदला, ‘टू’ काढा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, डिग्री बदला. यात 19 पडायला इंग्रजी यावं लागत नाही. एका चाचणीचा किस्सा खाली सांगते, त्यावरून हे पटेल. पण त्याआधी पत्राची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथूनच सगळं सुरू झालं.

सोलापूर जिल्ह्यातली एक अनुदानित शाळा. दहावीची सराव परीक्षा. पत्रलेखनाला विषय होता गावातल्या पाणीटंचाईची तक्रार. एका तुकडीचे 52 पेपर माझ्याकडे आले. त्यातल्या चाळीसेक मुलांनी एकच पत्र लिहिलं होतं, अगदी स्वल्पविरामासकट. गाईडमधलं. ‘आय वुड लाइक टु ड्रॉ युवर काइंड अटेन्शन’ने सुरुवात, मधे ‘सिनिअर सिटिझन्स अँड स्मॉल चिल्ड्रन’, शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’. पत्ता पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीचा, फ्लॅट नंबरसकट. आमच्या गावात तेव्हा दुमजली घरं मोजायला दोन हातांची बोटंसुद्धा जास्त होती.

एका मुलाने मात्र स्वतःचं पत्र लिहिलं होतं. ते मला अजून पाठ आहे. ‘सर, अवर हँडपंप इज ब्रेक फ्रॉम दिवाली. माय मदर गो टु वेल टू टाइम. वेल इज फार. हर बॅक इज पेन. यू सेंड मॅन टुमॉरो. इफ यू नॉट बिलीव्ह, यू कम अँड लिफ्ट वन पॉट.’

विश्वास नसेल तर या आणि एक हंडा उचलून बघा! हे वाचून मी पेन खाली ठेवलं. तहसीलदाराला पाठवलं असतं तर त्याला कळलं असतं की काय बिघडलंय, कधीपासून, कुणाला त्रास होतोय आणि काय करायचंय. पत्राचं काम दुसरं काय असतं? मी पाचपैकी साडेतीन दिले. गाईडवाल्यांना दोन-दोन.

पेपर आमच्या विभागप्रमुखांकडे फेरतपासणीला गेले. सरांनी गाईडवाल्यांचे चार केले आणि या पोराचा दीड. आमच्या शाळेतली वाटणी अशी होती: पत्ता, तारीख, विषय, मायना यांना 2, मजकुराला 2, भाषेला 1. पोराने तारीख घातली नव्हती, ‘सब्जेक्ट’ लिहिला नव्हता, आणि ‘गो’ला ‘ई-एस’ लावला नव्हता. सर म्हणाले, “मॅडम, भावना मराठीच्या पेपरात तपासा. इथं ग्रामर बघायचं.” मी म्हटलं, “सर, चाळीस मुलांनी ग्रामर लिहिलेलंच नाही, छापलंय.” तर म्हणाले, “छापलेलं का असेना, बरोबर आहे ना? बोर्डात मार्क कोण देणार, तुम्ही?”

त्या वर्षी मी गप्प बसले. पुढच्या वर्षी नाही.

पुढच्या वर्षी घटक चाचणी मी काढली आणि आकलनाचा उतारा मुद्दाम बिनअर्थाचा घातला. त्यातलं एक वाक्य असं: ‘द प्लॉन्स ग्रिबल्ड द ओल्ड झन्क निअर द फ्रूव.’ डिक्शनरी शोधू नका, यातल्या प्लॉन, झन्क वगैरे शब्दांना काही अर्थ नाही, मीच रात्री बसून बनवले. खाली नेहमीसारखे प्रश्न. व्हॉट डिड द प्लॉन्स ग्रिबल? व्हेअर वॉज द झन्क? वॉज द झन्क न्यू? आणि व्याकरणात: चेंज द व्हॉईस.

उत्तरं तुम्हालाही देता येतील. मुलांनीही दिली. ‘द झन्क वॉज निअर द फ्रूव.’ ‘नो, द झन्क वॉज ओल्ड.’ ‘द ओल्ड झन्क वॉज ग्रिबल्ड बाय द प्लॉन्स.’ अर्ध्याहून जास्त वर्गाला पैकीच्या पैकी! झन्क म्हणजे काय, हे एकाही पोराने विचारलं नाही. आकलनाचे मार्क पडले आणि आकलन करायला तिथं काही नव्हतंच. मी पेपरांचा गठ्ठा नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला.

शाबासकी मिळाली नाही. दोन पालक येऊन मुख्याध्यापकांना भेटले, मॅडमनी पोरांची चेष्टा केली म्हणून. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, चाचणी रद्द होऊन पुन्हा झाली आणि तिचा पेपर सरांनी काढला. सर मला एवढंच म्हणाले, “पोरं परीक्षेत विचारत नाहीत, कारण विचारलं की आपणच ओरडतो.” तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, एवढं एक वाक्य त्यांचं खरं होतं.

आता तुमचा प्रश्न.

आकलन तपासायचं तर पहिला नियम: ज्या शब्दांत प्रश्न, त्याच शब्दांत उताऱ्यात उत्तर, असा प्रश्न घालायचा नाही. आणि उत्तर मराठीत लिहू द्या. हो, मराठीत. इथंच माझी निम्मी भांडणं झाली. मुलीला कळलं का हे बघायचंय ना? मग उत्तर इंग्रजीत मागितलं की कळलं नाही म्हणून अडली की कळूनही लिहिता आलं नाही म्हणून, हे तुम्हाला कसं समजणार? दोन गोष्टी एका काट्यावर तोलल्या की कुठलंच वजन हाती लागत नाही. बोर्डाच्याच पेपरात शेवटी भाषांतराचा छोटा प्रश्न असतो, तिथं पोरं मराठीत लिहितात आणि कोण समजून वाचतो ते लख्ख दिसतं. शाळकरी मुलांना काय येतं ते मोजणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांचा आकडा आहे: 57.3 टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचता येणाऱ्यांपैकी अर्थ सांगता आला तो जवळपास तीन चतुर्थांशांनाच. म्हणजे घडाघडा वाचणाऱ्या चारातल्या एकाला आपण काय वाचतोय हे माहीत नाही. आपला पेपर या पोराला शोधून काढतो का? काढत नाही. उलट त्याला पास करतो.

दुसरं, क्लोज चाचणी, म्हणजे उताऱ्यातले गाळलेले शब्द भरायची. विल्सन टेलर नावाच्या माणसाने 1953 मध्ये काढलेली पद्धत, खर्च शून्य. तिने न वाचलेला दोनेकशे शब्दांचा सोपा उतारा घ्या, पहिलं वाक्य तसंच ठेवा, पुढे दर सातवा शब्द गाळा. पर्याय द्यायचे नाहीत. मूळ शब्दच हवा असा हट्ट नको, अर्थाला आणि वाक्याला बसणारा कुठलाही चालेल. नामं-क्रियापदं चुकली तर उतारा कळलेला नाही, ‘द’, ‘टु’, ‘हॅज’ चुकले तर व्याकरण कच्चं आहे. ‘ए’ आणि ‘द’च्या जागी बरीच भोकं राहतील, त्याचं फार मनावर घेऊ नका, मराठीत ती भानगडच नाही.

लेखनाला विषय असा द्या की गाईडमध्ये सापडणारच नाही. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ नको. काल लाइट गेली तेव्हा घरात कोण काय करत होतं, ते लिही. पंधरा मिनिटं, डिक्शनरी चालेल, लाल पेन नाही. तपासताना आधी नुसतं वाचा आणि स्वतःला विचारा, चित्र उभं राहिलं का? मग चुका. तीच चूक दहा वेळा असेल तर एकदाच मोजा. ‘शी गो’ सात ठिकाणी लिहिणाऱ्या पोरीच्या सात चुका नसतात, तिला एक गोष्ट यायची राहिलेली असते. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’ या चुका तर आपण मोठेही करतो.

व्याकरणाचा पेपर वेगळा काढूच नका. तिनेच त्या पंधरा मिनिटांत लिहिलेल्यातली पाच वाक्यं चार दिवसांनी कोऱ्या कागदावर उतरवून द्या आणि दुरुस्त कर म्हणा. जी तिला दिसली ती घाईत झालेली चूक. जी दिसली नाही ती शिकवायची.

तोंडी परीक्षेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. 2019 च्या दहावीला भाषांचे तोंडीचे 20 मार्क काढून लेखी पेपर 100 चा केला आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. 2020 ला ते 20 परत आले आणि निकाल 95.30! सगळं त्या विसांमुळे झालं असं नाही, 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 ला भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही. पण तोंडीला मार्क कसे पडतात ते आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत आहे. मीही 18 च्या खाली क्वचितच दिलेत. एका पोराला 12 दिले होते तर त्याचे वडील चार महिने रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचे.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, “मॅडम, तुमचा तो हँडपंप दुरुस्त झाला का?” म्हणजे पत्र त्यांच्याही लक्षात होतं! मी म्हटलं, “दीड मार्कात कोण दुरुस्त करणार, सर?” ते हसले. मुद्दा कबूल मात्र शेवटपर्यंत केला नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी लिहिलंय ते तृतीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबद्दल, इंग्रजी माध्यमाचं गणित वेगळं आहे. आणि हे सगळं घरी एका मुलीसाठी जमतं. वर्गात साठ मुलं आणि त्यात निवडणुकीची ड्युटी असली की मीही जानेवारी उजाडला की फळ्यावर ‘नो सूनर दॅन’च लिहिते. पोरांना 35 तर काढायचेच असतात. सर त्या बाबतीत खोटं बोलत नव्हते, फक्त ते जूनपासूनच जानेवारी धरून चालायचे.

तेव्हा आज मुलीकडून मामाच्या लग्नाचं लिहून घ्या, आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजीत, पाच ओळी पुरेत. नवरदेवाचा बूट कुणी लपवला होता तिथून सुरुवात करायला सांगा. आणि पुढच्या वर्षी ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणाल तो रागाने रद्दीत घालू नका. कपाटात ठेवा, जानेवारीत लागेल.