वाचकांचे प्रश्न : नाव नक्की झालं, पण सांगितलं कुणी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मार्व्हल स्टुडिओच्या 'अव्हेंजर्स : डूम्सडे' या सुपरहिरोपटावर लेख लिहितेय. कलाकारांची यादी करायला बसले तर जिथे बघावं तिथे वेगळीच यादी. कुठे स्पायडर-मॅन साकारणारा टॉम हॉलंड आहे, कुठे नाही. प्रदर्शनाच्या तारखाही दोन सापडल्या. मैत्रीण म्हणते, दहा ठिकाणी छापून आलंय म्हणजे खरंच असणार. खरं काय ते कसं ओळखायचं?

उत्तर : आधी मैत्रिणीच्या मुद्द्याबद्दल बोलू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. दहा ठिकाणी छापून आलेली बातमी म्हणजे दहा पुरावे नव्हेत. त्या दहाही बातम्या उघड आणि दुसरा-तिसरा परिच्छेद नीट वाच. अमक्याने दिलेल्या वृत्तानुसार, असं एखादं वाक्य तिथे हमखास सापडेल. त्याचा माग काढत गेलीस की बऱ्याचशा बातम्या एकाच मूळ बातमीपाशी येऊन थांबतात. मोजायची ती एकच. आणि माग काढता काढता मूळ बातमीच सापडली नाही, तर ते नाव यादीतून सरळ काढून टाक.

मूळ बातमी बहुतेकदा 'व्हरायटी', 'द हॉलिवूड रिपोर्टर' किंवा 'डेडलाइन' यांपैकी एकात असते. 'व्हरायटी' १९०५ पासून निघतं. ही चित्रपट व्यवसायाची पत्रं. त्यांचे वार्ताहर एजंट, निर्माते, स्टुडिओतली माणसं यांच्याशी रोज बोलत असतात आणि शब्द तोलून वापरतात. एखाद्याच्या नावाचा विचार सुरू आहे, त्याच्याशी बोलणी चालू आहेत आणि त्याचा करार झाला आहे, या तीन निरनिराळ्या बातम्या. मराठीत येईपर्यंत तिन्हींचं 'निवड झाली' होऊन जातं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. बोलणी फिसकटतात, तारखा जुळत नाहीत, मानधनावरून गाडी अडते. बातमीचा शेवटही वाच. 'स्टुडिओने प्रतिक्रिया दिली नाही' असं असेल तर ती बातमी वार्ताहराच्या जबाबदारीवर दिलेली आहे. 'स्टुडिओने दुजोरा दिला' असेल तर जबाबदारी स्टुडिओची.

मी या मासिकाच्या सिनेमाच्या पानांचा मजकूर छपाईआधी तपासते. प्रत्येक नावापुढे समासात पेन्सिलीने लिहून ठेवते : कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं आणि तेव्हा काम कुठवर आलं होतं. तारीख सगळ्यात महत्त्वाची. न आलेल्या चित्रपटाची माहिती ही त्या दिवसापुरती खरी असते.

तुझ्याच चित्रपटाचं बघ. आधी त्याचं नाव 'द कँग डायनॅस्टी' होतं. कँग हा खलनायक साकारणारे जोनाथन मेजर्स यांना डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं आणि मार्व्हलने त्यांच्याशी संबंध तोडले. जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्याच्या मंचावर रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी मुखवटा उतरवला, ते डॉक्टर डूम हा नवा खलनायक साकारणार हे जाहीर झालं आणि चित्रपटाचं नवं नावही. म्हणजे २०२३ चा एखादा लेख वाचून यादी करशील तर खलनायकापासूनच गाडी चुकेल, आणि त्या लेखात तेव्हा काहीही खोटं लिहिलेलं नव्हतं. तुला सापडलेल्या दोन तारखा म्हणजे बहुधा १ मे २०२६ आणि १८ डिसेंबर २०२६. मे २०२५ मध्ये मार्व्हलची मालक कंपनी डिस्नीने प्रदर्शन पुढे ढकललं. दुसरी तारीख नंतर जाहीर झालेली, म्हणून तीच घे.

आता यादी. मार्च २०२५ मध्ये मार्व्हलने एक थेट प्रक्षेपण केलं. पडद्यावर नुसत्या खुर्च्या, सेटवर असतात तशा. पाठीवर नाव लिहिलेली एक खुर्ची दिसायची, बराच वेळ तीच, मग कॅमेरा हळूच सरकून पुढच्या खुर्चीवर जायचा. पाच तासांहून जास्त वेळ हे चाललं. पहिलं नाव क्रिस हेम्सवर्थ आणि शेवटी डाउनी स्वतः. एकूण २७ नावं. स्टुडिओने स्वतः, ठरावीक दिवशी, जाहीरपणे दिलेली ही यादी. तुझ्या लेखाचा पाया हीच असू दे.

पण ती 'पूर्ण यादी' म्हणून छापू नकोस. आधी कॅप्टन अमेरिका साकारलेले क्रिस एव्हान्स परत येणार असं व्यवसायाच्या पत्रांत डिसेंबर २०२४ मध्येच आलं होतं, तरी खुर्च्यांवर त्यांचं नाव नव्हतं. वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, टीझरमधून मार्व्हलनेच ते सांगून टाकलं. खुर्ची नाही म्हणजे भूमिका नाही, असा अर्थ काढता येत नाही. टॉम हॉलंडचंही नाव त्या २७ मध्ये नव्हतं. तू तेवढंच लिही : 'मार्च २०२५ च्या अधिकृत यादीत नाव नाही.' आहेत असंही नको आणि नाहीत असंही नको.

आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरची यादी सुरुवातीला बघायला हरकत नाही, पण तिथली बरीच माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते. प्रदर्शनाआधी तिच्या भरवशावर काही छापायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

प्रश्न : ताई, तुम्ही नेहमी स्टुडिओच्या घोषणेवर भर देता. पण कलाकाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं असेल तर आणखी पुरावा कशाला हवा?

उत्तर : हवा. उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. 'स्पायडर-मॅन : नो वे होम' डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्याआधी कितीतरी महिने, पूर्वी स्पायडर-मॅन साकारलेले अँड्र्यू गारफिल्ड प्रत्येक मुलाखतीत, आपण त्यात नाही, असं सांगत राहिले. चित्रपटात ते होते. कथेतलं गुपित फोडायचं नसतं, अशा वेळी कलाकाराचा नकार बातमीत 'नकार दिला' एवढाच यावा. 'ते चित्रपटात नाहीत' असं आपण आपल्या नावावर लिहू नये.

हेन्री कॅव्हिल यांचं नेमकं उलटं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर स्वतः सांगितलं की ते सुपरमॅन म्हणून परत येत आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डीसीच्या, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या, चित्रपटांची सूत्रं जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे आली, आणि डिसेंबरमध्ये कॅव्हिल यांनाच लिहावं लागलं की आपण परत येत नाही. ते बोलले ते मनापासूनच बोलले होते. निर्णय मात्र दुसऱ्यांच्या हातात होता. म्हणून मी बघते की सांगणाऱ्याला ते ठरवण्याचा अधिकार आहे का. तारखेबद्दल वितरक, भूमिकेबद्दल स्टुडिओ किंवा दिग्दर्शक. गन स्वतः लेखक-दिग्दर्शकही आहेत आणि स्टुडिओप्रमुखही, त्यामुळे 'सुपरमॅन'नंतरचा 'मॅन ऑफ टुमॉरो' ९ जुलै २०२७ ला येणार हे त्यांनी सांगितलं तेव्हा ती पक्की बातमी होती. त्या दिवसापुरती.

प्रश्न : प्रदर्शनाची तारीख सतत पुढे जात असेल तर चित्रपट बंद पडला असं समजावं का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. 'द बॅटमॅन'चा दुसरा भाग आधी ऑक्टोबर २०२५, मग ऑक्टोबर २०२६ आणि नंतर १ ऑक्टोबर २०२७ असा सरकला, पण त्याचं काम चालूच राहिलं. मार्व्हलच्या 'ब्लेड'ची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये माहर्शाला अली यांच्यासह घोषणा झाली, दोन दिग्दर्शक आले आणि गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नीने त्याला वेळापत्रकातूनच काढलं. नवी तारीख मिळणं आणि तारीखच नसणं यांत फरक करा. चित्रीकरण पूर्ण झालं म्हणून निश्चिंत व्हावं असंही नाही. 'बॅटगर्ल' चित्रित झालेला होता, तरी ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर या स्टुडिओने तो प्रदर्शित करायचा नाही असं ठरवलं.

प्रश्न : चित्रीकरण कुठे चाललंय आणि खर्च किती, हे बाहेरच्या माणसाला तपासता येतं का?

उत्तर : बऱ्यापैकी येतं, आणि मला हे काम फार आवडतं. करसवलत घ्यायची तर निर्मात्यांना सरकारदरबारी कागद द्यावे लागतात. कॅलिफोर्निया फिल्म कमिशन सवलत मिळालेल्या चित्रपटांची नावं प्रसिद्ध करतं. ब्रिटनमध्ये एकेका चित्रपटासाठी वेगळी कंपनी काढतात आणि तिचे हिशेब 'कंपनीज हाउस' या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे जमा होतात, ते कुणालाही बघता येतात. अडचण अशी की हे आकडे उशिरा येतात आणि कंपनीच्या नावावरून चित्रपट ओळखू येत नाही. चित्रीकरणाच्या जागी रस्त्यावर लावलेल्या फलकांवरच्या नावांचंही तेच. शिकागोत 'द डार्क नाइट'चं चित्रीकरण 'रोरीज फर्स्ट किस' या खोट्या नावाने झालं होतं. बातम्यांतला 'बजेट'चा आकडा मात्र बहुतेकदा अंदाज असतो आणि जाहिरातीचा खर्च त्यात धरलेला नसतो, म्हणून त्याच्याआधी 'अंदाजे' लिहा आणि कुणाचा अंदाज तेही लिहा.

प्रश्न : सोबत एका ट्रेलरमधलं दृश्य पाठवत आहे. चेहरे अगदी हुबेहूब आहेत. अंकात छापाल का?

उत्तर : छापत नाही. तो व्हिडिओ ज्या यूट्यूब वाहिनीवर आहे, तिच्या वर्णनात खाली बारीक अक्षरात 'संकल्पना ट्रेलर' असं लिहिलेलं आहे. जुनी दृश्यं आणि एआयने बनवलेली चित्रं जोडून असे ट्रेलर तयार होतात. त्यांचा इतका सुळसुळाट झाला की मार्च २०२५ मध्ये यूट्यूबने अशा दोन मोठ्या वाहिन्यांचं जाहिरातींचं उत्पन्न बंद केलं. तुम्ही पाठवलेल्या दृश्यातला नायकाचा पोशाख आधीच्या चित्रपटातलाच आहे आणि स्टुडिओच्या वाहिनीवर हा ट्रेलर नाही. तिथे आला की कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवते.