मोठ्याने वाचायला पहिले पुस्तक निवडताना

तुमच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला चित्रपुस्तके आता पुरत नसतील, तर प्रकरणांचे पुस्तक सुरू करायला हरकत नाही. मात्र विकत घेण्यापूर्वी त्यातले एखादे पान दुकानातच पुटपुटत वाचून पाहावे, कारण डोळ्यांना सोपे वाटणारे वाक्य जिभेवर पुष्कळदा अडखळते. प्रकरण दहा-बारा मिनिटांत संपावे. त्या दृष्टीने ‘तोत्तोचान’ हे जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळकरी आठवणींचे पुस्तक मला सोयीचे वाटते: त्यातली प्रकरणे छोटी आहेत, आणि वर्गात डेस्कचे झाकण शंभरदा उघडमिट करून शाळेतून नाव काढले गेलेली नायिका मुलांना लगेच आपली वाटते. शेवटी बाँबहल्ल्यात शाळा जळते, हे मात्र आधी ठाऊक असलेले बरे.

‘श्यामची आई’ तर ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच उलगडते, त्यामुळे झोपण्यापूर्वी वाचायला ती नेमकी वाटते; तरीही शेवटच्या, आईच्या मृत्यूच्या रात्री आठ-नऊ वर्षांपर्यंत राखून ठेवाव्यात, असे माझे मत आहे. सुरुवातीला, अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरायला लावणाऱ्या श्यामची गोष्ट घ्यावी. तिथे ‘धोंड’ऐवजी मी एकदा ‘दगड’ वाचले, तर माझ्या मुलाने दुसऱ्या रात्री मला पकडले, कारण तोवर त्याला मूळ शब्द पाठ झाला होता. अनोळखी शब्द बदलू नयेत. मुलीने विचारले तरच अर्थ सांगावा.