पत्र्यावरचे दगड आधी उतरवा

प्रश्न : घर सोलापूरच्या पूर्व भागात, वर पत्रा, खालच्या खोलीत दोन माग. बंगालच्या उपसागरात वादळ झालं की आम्हालाही इशारा येतो. समुद्र एवढा लांब, मग तयारी कशाची?

उत्तर : मुख्यतः पाण्याची. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्याकडं पोचलं. एवढ्या प्रवासात वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस मात्र सोबत येतो.

तरी सैल पत्रा उचलायला उरलेला वाराही पुरतो. वारा पत्र्याला दाबत नाही, वरून ओढतो आणि सुरुवात वळचणीच्या कडेनं होते. कड फडफडू लागली की वर ठेवलेला दगड घसरून थेट बोळात. दगड उतरवा, जे-हुक (पत्रा खालच्या आडव्या वाशाला धरून ठेवणारे वाकडे खिळे) मारा : कडेला एक नाळ (पत्र्याची उंच पन्हळ) सोडून एक, मध्ये तीन-चार नाळींमागे एक. भोक नाळीच्या उंचवट्यावरच पाडा. खोलगट भागात पाडलं की कितीही वायसर घाला, गळणारच. हे काम हवामान खात्याच्या पिवळ्या म्हणजे पहिल्या इशाऱ्यातच उरका, ओल्या पत्र्यावर चढू नका. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. ५०० लिटरची भरलेली टाकी जागची हलत नाही, रिकामी उडते. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर धरून तीन दिवसांचं, म्हणजे पाच जणांना ६० लिटर, वेगळं झाकून ठेवा.

मागाची मोटार तळाशी असते, पाणी आधी तिथंच शिरतं. मेन स्विच बंद करून मोटार सोडवून माळ्यावर ठेवा, सुताची पोतीही. मोटार भिजलीच, तर "वरून कोरडी दिसतेय" म्हणून चालू करू नका. आतलं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) ओलं असतं आणि जळतं. नीट वाळवून मेगरवर (वायरिंगचा गळता प्रवाह तपासायचं यंत्र) किमान १ मेगओहम दाखवल्यावरच जोडा.

प्रश्न : आमचं शेत भीमेकाठी. पाऊस उघडल्यावर पाणी का वाढतं?

उत्तर : भीमेवरच्या उजनी धरणात येणारं पाणी बहुतेक पुणे जिल्ह्यातलं. धरण भरलेलं असलं की तिकडच्या पावसाचा विसर्ग खाली सोडावाच लागतो. त्यामुळं आभाळापेक्षा विसर्गाचे आकडे बघा. पंप आणि स्टार्टरची पेटी जुन्या पूररेषेच्या वर न्या. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला) फ्यूज स्वतः काढू नका, वायरमनला बोलवा. पाणी येण्याआधी जनावरं उंचावर हलवा. तेवढा वेळ नसेल तर निदान दावी सोडा. बांधलेलं जनावर जागीच बुडतं.