कापड तुमचं, छपाई आमची

प्रश्न : आमच्या धावणाऱ्यांच्या गटासाठी मी ४८ कोरे टी-शर्ट सवलतीत विकत घेतले. आता त्यावर छापून देणारा मिळेना. दोघांनी ‘बाहेरचा माल घेत नाही’ म्हणून परत पाठवलं. तिसरा तयार आहे, पण छापताना एखादा खराब झाला तर भरपाई मागणार नाही, असं लिहून त्यावर सही हवी म्हणतो. कपडे माझे, चूक त्याची आणि नुकसानही माझंच, हे कसं?

उत्तर : राग येणं साहजिक आहे. तरी मी तुमच्या जागी असते, तर त्या तिसऱ्याकडेच माल दिला असता. बाहेरच्या मालाबद्दल प्रत्येक प्रिंटरच्या मनात असतं ते त्यानं आधीच कागदावर आणलंय.

बावीस वर्षं मी स्क्वीजी ओढतेय, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून कापडावर इंक दाबणारी रबरी पट्टी. कितीही जपून काम केलं तरी शंभरात एखाददुसरा पीस जातोच, कापड अनोळखी असेल तर तीनही. फ्रेमच्या जाळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि छातीवर ठिपका उमटतो. इंकचा हात बाहीला लागतो. बोर्डावर टी-शर्ट बोटभर तिरका बसतो आणि ते कळतं छापून झाल्यावर. माल माझा असेल, तर मी त्याच गठ्ठ्यातला दुसरा काढते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. कपड्यावर जे चार पैसे सुटतात, त्यातून ही तूट भरून निघते. तुमच्या मालात मला ती सोय नाही. त्याच रंगाचा, त्याच मापाचा, त्याच गिरणीचा टी-शर्ट कुठून आणू? सवलतीतला माल तर बहुतेक वेळा शेवटचा उरलेला असतो.

म्हणून ४८ हवे असतील, तर ५२ आणा. आणि ते चार जास्तीचे एकाच मापाचे नकोत. लार्जचा जास्तीचा पीस स्मॉलच्या कामी येत नाही. ज्या मापाचे सर्वात जास्त आहेत त्याचे दोन, बाकी दोन मापांचा एकेक. सही करताना एवढं मात्र विचारून घ्या की कितीपर्यंतची खराबी त्याला मान्य आहे. दोन-तीन पीस गेले तर ते तुमच्या खाती, हे ठीक. पण अख्खा गठ्ठा उलटा छापला, अक्षर चुकलं, रंग भलताच लावला, तर ती त्याची जबाबदारी, आणि तेही त्याच कागदावर यायला हवं. चांगला प्रिंटर याला नाही म्हणत नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, आणि मला काळजी तिचीच आहे. कापड कसलं आहे? धावण्यासाठी म्हणजे बहुधा पॉलिएस्टर. रंग कुठला?

माझ्याकडे एकदा एका संघाच्या साठ जर्सी आल्या होत्या, मरून पॉलिएस्टरच्या. त्यावर पांढरे आकडे टाकायचे होते. ड्रायरमधून एकेक बाहेर येत होती आणि पांढरा रंग असा लख्ख, की मी स्वतःवर खूश. घाई होती म्हणून गरम गरमच घड्या घालून खोक्यात रचल्या. सकाळी खोकं उघडलं. वरच्या दोन ठीक. तिसरीचा सात फिकट गुलाबी. मधल्या तर अशा, की आकडा गुलाबीच मागितला होता असं वाटावं. मी एकेक उचलून उजेडात धरत होते आणि हात गार पडत चालले होते.

झालं असं, की पॉलिएस्टरला जो रंग दिलेला असतो तो तापला की वाफ होऊन धाग्यातून सुटतो आणि वरच्या इंकमध्ये शिरतो. नेहमीची प्लास्टिसोल इंक (प्लास्टिकची दाट इंक, तापवल्यावरच पक्की होणारी) पक्की व्हायला १६० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते, आणि तेवढ्यात हा रंग हलायला लागतो. खोक्यातली ऊब रात्रभर त्याला आणखी हलवत राहते. मरून आणि लाल यात सर्वात वाईट. लष्करी ठिपक्यांचं कापडही तसंच.

इलाज आहे. आधी रंग अडवणारा करडा बेस द्यायचा, वर ‘लो ब्लीड’ पांढरा, म्हणजे खालचा रंग सहसा आत न घेणारा. कमी उष्णतेत, १३० अंशांच्या आसपास पक्की होणारी इंक मिळते, ती वापरायची. आणि पीस पूर्ण गार झाल्याशिवाय एकावर एक ठेवायचे नाहीत. मात्र बेस म्हणजे एक फ्रेम जास्त, एक फेरी जास्त, म्हणून दर वाढतो. प्रिंटरनं जास्त सांगितलं तर तो लुबाडतोय असं लगेच धरू नका.

लेबल कापलेलं असेल, तर शिलाईच्या आतल्या बाजूचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. राखही आणि मणीही दिसला, तर मिश्र कापड, आणि रंग सुटायचा धोका त्यातही आहे. जे निघेल ते प्रिंटरला सरळ सांगा. ‘कॉटनसारखंच आहे’ हे वाक्य मी त्या जर्सींच्या वेळी ऐकलं होतं आणि लेबल न पाहता कामाला लागले होते. आता लेबल पाहिल्याशिवाय मी इंकचा डबा उघडत नाही.

माल देण्याआधी घरी तासभर बसा. प्लास्टिकच्या पिशव्या, टाचण्या, कॉलरखालचा पुठ्ठा सगळं काढा. छातीवर मापाची लांब पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती हात फिरवून शोधा, नजरेला ती चटकन सापडत नाही. तिच्यावरून छापलं गेलं आणि नंतर ती ओढली, की चित्राच्या मधून कोरा पट्टा निघतो. मग मापाप्रमाणे वेगळे गठ्ठे, आणि प्रत्येक मापाचे किती ते कागदावर. मोजून द्या, समोर मोजून घ्यायला लावा. कपडे धुतलेच, तर कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, इंक नीट धरत नाही.

प्रश्न : छापण्याआधी नमुना मागितला तर प्रिंटर रागावेल का?

उत्तर : रागावू दे. तुमचा माल आहे, एक पीस त्यासाठी बाजूला काढाच. नमुना हातात आला की लगेच ‘छान’ म्हणू नका. एक दिवस ठेवा, पॉलिएस्टर असेल तर रंग बदलतोय का पाहा. मग छापील भाग दोन्ही अंगठ्यांनी ताणा. इंक तडकली, तर ती आतपर्यंत पक्की झालेली नाही. त्यानंतर उलटा करून दोन-तीनदा धुवा. याला आठवडा जातो, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात प्रिंटरच्या दारात जाऊ नका.

प्रश्न : खिशाचा शर्ट, चेनवाला हुडी आणि पावसाळी जॅकेट एकाच डिझाइनमध्ये छापून घेता येतील का?

उत्तर : डिझाइन एक असलं तरी कामं तीन आहेत. बोर्डावर कापड सपाट बसावं लागतं. खिशाची कड, चेन, जाड शिवण आली, की फ्रेम तिथे उचलली जाते आणि कडेला इंकचा थर साचतो. शिवणीपासून इंचभर तरी लांब छापायचं. चेनवर चित्र हवंच असेल, तर मध्ये फट पडणार हे धरून ते आखा. जॅकेट वेगळंच प्रकरण. नायलॉनवर साधी इंक चार दिवसांत सोलून निघते, तिच्यात पकड देणारं रसायन मिसळावं लागतं. आणि वर पाणी झटकणारा लेप असेल, तर काही वेळा तेही टिकत नाही. जॅकेटवर पाण्याचा थेंब टाका. तो गोळी होऊन घरंगळला, तर छापायला देण्याआधी प्रिंटरला ते जॅकेट दाखवा.