मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांनीच शोधला ना?

नाही. परजीवी पहिल्यांदा पाहिला तो फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हेरान यांनी, 6 नोव्हेंबर 1880 रोजी, अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टाइन इथे. रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला तो डासाच्या पोटात दाखवला. स्पर्धा परीक्षेची पोरं इथेच हमखास गल्लत करतात.

खरी गंमत लाव्हेरान यांच्या कामात आहे. तेव्हा जो तो जीवाणूच्या मागे होता. 1879 मध्ये इटलीत दलदलीच्या मातीतून मलेरियाचा जीवाणू सापडल्याचं जाहीरही झालं होतं. लाव्हेरान मात्र तापाने फणफणलेल्या सैनिकांचं ताजं, न रंगवलेलं रक्त चिकाटीने बघत राहिले. त्या दिवशी एका सैनिकाच्या रक्तात काळे कण असलेला गोल दिसला आणि त्याच्या कडेने बारीक धागे जोरात वळवळत होते. म्हणजे जिवंत! रक्त शरीराबाहेर येऊन थंडावलं की नर परजीवी असे धागे सोडतो. स्लाइड वाळवून रंगवली असती तर ही हालचाल दिसलीच नसती. तरी बड्या मंडळींना पटायला काही वर्षं गेली. नोबेल रॉस यांना 1902 मध्ये, लाव्हेरान यांना 1907 मध्ये. हा क्रम उलटा हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या सांगलीत पूर ओसरल्यावर थंडीताप आला की आरोग्यसेविका बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात ना, ती तपासणी याच परजीवीसाठी. आता पट्टी रंगवतात; तांबड्या पेशीत निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका दिसला की मलेरिया पक्का.