सरकारची तूट भरून काढायला कर वाढवावेत की खर्च कमी करावा?

खर्च कमी करा म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, कुणाचा?

आमचं गाव तासगाव तालुक्यात, मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. पाणीपट्टी वर्षाला ९०० रुपये आणि निम्म्या गावाची थकलेली. ग्रामसभेत मी म्हटलं १२०० करू अन् थकबाकी पण वसूल करू, तर आमचे दाजी उठले (चुलत बहिणीला गावातच दिलीय), रिटायर गुरुजी माणूस, म्हणाले आधी उधळपट्टी बंद करा मग लोकांच्या खिशात हात घाला. झालं, टाळ्या.

मग केला की खर्च कमी. पाणी सोडणाऱ्या शिपायाचं मानधन कापलं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर निम्म्यावर आणली, पंपाचा स्टार्टर कुरकुरत होता तो पुढच्या वर्षी बघू म्हणून तसाच ठेवला. हारतुरे, मंडप, सत्काराचे नारळ मात्र जिथल्या तिथं, त्याला हात लावायची कुणाची टाप? ऐन एप्रिलमध्ये मोटर जळली. रिवायंडिंग, मोटर वर काढणाऱ्या चेनपुलीवाल्याची मजुरी, वर ११ दिवस टँकर, वाचवलेले सगळे गेले आणि उरलेलं उधारीवर. पहिल्या टँकरला सगळ्यात पुढं घागर कुणाची, तर दाजींची.

बरं, दाजींना जुनी पेन्शन आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीला लागलेल्या माझ्या पुतण्याला ती नाही. पेन्शन हा पण सरकारचा खर्चच की, ती कमी करा असं दाजींच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा पण कुणी उधळपट्टी म्हटलं नाही. साबणाच्या वडीवर जीएसटी मात्र मजूर आणि बागायतदार सारखाच भरतो. म्हणून माझं मत, आधी वसुली, मग वाढ, आणि वाढ वरच्यांवर.

आता देश म्हणजे काय आमची ग्रामपंचायत नव्हे, हे मान्य. सरकार कर्ज काढू शकतं, राज्यांना त्यांच्या एकूण उत्पादनाच्या साधारण ३ टक्के तुटीची मर्यादा असते, आणि मंदीत कर वाढवला काय न् खर्च कापला काय, बाजार बसतोच. फुकटचा खर्च नसतोच असं पण मी म्हणत नाही.

आणि हो, दाजींची पाणीपट्टी कधीच थकली नव्हती. थकबाकीच्या यादीत तिसरं नाव माझ्या थोरल्या भावाचं होतं.